वैशाखात थंडीची परीक्षा

निफाडचे नाव मराठी वाचकाच्या कानी दोन कारणांनी पडलेले असते. एक तर ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मग्राम. आणि दुसरे असे की, मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे निफाडचा पारा किती अंशांवर उतरला याची वार्ता वर्तमानपत्रे नेमाने छापू लागतात. ही नोंद होते ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत. तेथील आकडा पाच अंशांच्या खाली गेल्याचे वाचून मुंबईपुण्याच्या माणसाला जे कौतुक वाटते, त्यात निफाडचा द्राक्षबागाईतदार सहभागी होऊ शकत नाही. कारण ऐन भरात आलेल्या घडांची फुगवण त्या गारठ्याने खुंटते, आणि कडाका वाढलाच तर तयार मण्यांना तडे जाऊन हातातोंडाशी आलेला माल मातीमोल होतो. पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा, ठिबकने पाणी सोडून जमिनीची ऊब राखावी, हे उपाय प्रत्येकाला ठाऊक आहेत. प्रश्न एवढाच की, नेमक्या त्या प्रहरी जाग यावी कशी.

समजा, एखाद्या होतकरू प्रोग्रामरने यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला: बागेतील तापमापक दर दहा मिनिटांनी वाचावा, पारा चार अंशांच्या खाली गेला की बागाईतदाराच्या मोबाइलवर निरोप धाडावा, आणि एका रात्रीत एकाहून अधिक निरोप धाडू नयेत. प्रोग्राम लिहून झाला तो वैशाखात, जेव्हा निफाडच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरूही दिसत नाही. आता हा प्रोग्राम बरोबर चालतो याची खातरजमा करायची कशी? पौषाची वाट पाहायची, तर पहिली खरी परीक्षा बागाईतदाराच्या घडांवर होणार आणि चूक निघाली तर तिचा दंड त्याने भरायचा. संगणकशास्त्रात ज्याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात आणि ज्याच्या नावाने नवशिक्यांची छाती उगाच दडपते, त्या कल्पनेची सारी उपपत्ती या एका अडचणीत सामावलेली आहे.

अडचणीचे मूळ प्रोग्रामच्या रचनेत असते. प्रथम लिहिताना कोणीही सहजगत्या असेच लिहितो की, थंडी तपासणाऱ्या फंक्शनने स्वतःच उठून तापमापकाशी संधान बांधावे, स्वतःच संगणकाचे घड्याळ पाहावे, आणि निरोप धाडण्याची वेळ आली की टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेचे दारही स्वतःच ठोठावावे. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला फंक्शनचे नाव तेवढे दिसते. परंतु आतल्या आत त्या फंक्शनने तीन परक्या वस्तूंशी आपले भवितव्य जखडून टाकलेले असते, आणि त्यामुळे त्याची परीक्षा घ्यायची म्हणजे खरा तापमापक, खरी रात्र आणि खरा बागाईतदार या तिघांनाही एकाच वेळी राबवावे लागते. शिवाय परीक्षा सफल झाली तर भर उन्हाळ्यात मध्यरात्री कोणाला तरी 'बागेत शेकोटी पेटवा' असा निरोप पोहोचणार, तो वेगळाच.

यावरचा इलाज ऐकायला इतका साधा आहे की त्याला शास्त्रीय नाव देण्याचा संकोच वाटावा. फंक्शनला ज्या वस्तू लागतात त्या त्याने स्वतः शोधून आणू नयेत. ज्याने त्याला कामावर बोलावले त्याने त्या त्याच्या हवाली कराव्यात. हा घे तापमापक, हे घड्याळ, हा निरोप्या. आता तुझे काम कर. फंक्शनने एवढेच पाहावे की तापमापकाला विचारले असता तो अंश सांगतो, घड्याळाला विचारले असता ते वेळ सांगते, आणि निरोप्या दिलेला मजकूर नेतो. ती वस्तू खरी आहे की परीक्षेसाठी उभी केलेली आहे, ही चौकशी करण्याचा अधिकारच त्याला उरत नाही. पौषातल्या रात्री त्याच्या हाती बागेतले खरे यंत्र द्यावे, आणि वैशाखातल्या दुपारी असे एक चार ओळींचे खोटे यंत्र द्यावे की जे विचारताक्षणी तीन अंश म्हणून सांगेल.

ही रीत प्रोग्रामर लोक फार पूर्वीपासून कमीअधिक प्रमाणात पाळत आले होते; तिचे आजचे नाव मात्र मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील एका दीर्घ लेखाने रूढ केले. वस्तू हवाली करण्याच्या तीन तऱ्हा त्यांनी त्यात वर्णिल्या: वस्तू घडतानाच देणे, घडल्यानंतर वेगळ्या कृतीने देणे, आणि देण्याचा करार आधी जाहीर करून त्या करारान्वये देणे. जावा भाषेत काम करणाऱ्यांसाठी त्याच वर्षी स्प्रिंग या चौकटीची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली आणि कोणाला काय हवाली करायचे याचा हुकूमनामा लिहून ठेवण्यासाठी एक्सएमएल फायलींचे भले थोरले दप्तर उदयास आले. मोठ्या कारखान्यास असे दप्तर लागत असेल; पण दोनचारशे ओळींच्या प्रोग्रामसाठी ते उघडून बसणे म्हणजे शुद्ध कारकुनी होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फंक्शनच्या नावापुढील कंसात तीन नावे लिहिली की डिपेंडन्सी इंजेक्शन झाले. त्याहून अधिक सोपस्कार कशासाठी, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

परीक्षेसाठी उभ्या केलेल्या या खोट्या वस्तूंना आपण तोतये म्हणू. फरक इतकाच की, भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईत जी खळबळ उडवली तसे काही इथे व्हायचे नसते, कारण हा तोतया आपणच, जाणूनबुजून, गादीवर बसवलेला असतो. जेरार्ड मेसारोस यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात त्यांच्या पाच जाती सांगितल्या आहेत. नुसती जागा भरणारा डमी, ठरलेले उत्तर देणारा स्टब, आपल्याला काय काय सांगितले गेले याची नोंद ठेवणारा स्पाय, अमुक प्रकारेच आपल्याला बोलावले पाहिजे अशी अपेक्षा बाळगणारा मॉक, आणि खऱ्यासारखेच पण हलकेफुलके काम करणारा फेक. व्यवहारात प्रोग्रामर मंडळी सर्वांनाच सरसकट मॉक म्हणतात व त्यावाचून कोणाचे फारसे अडत नाही.

तोतयाचा खरा उपयोग केवळ वैशाखात थंडी पाडण्यापुरता नाही. निसर्गाने वर्षानुवर्षे न दाखवलेल्या अवस्था तो आज दाखवू शकतो. शेतीच्या स्वस्त उपकरणांत डीएस१८बी२० नावाचा एक तापमान-संवेदक सर्रास वापरला जातो. त्याला वीज मिळताक्षणी, प्रत्यक्ष मोजणी करण्यापूर्वी, त्याच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा असतो; आणि त्याची तार तुटली असेल तर तो वाचण्यासाठी जी प्रचलित सॉफ्टवेअर लायब्ररी वापरतात ती उत्तरादाखल उणे १२७ हा आकडा देते. चार अंशांच्या खाली पारा गेला की निरोप धाड, इतकेच ज्या प्रोग्रामला शिकवले आहे, तो उंदराने तार कुरतडलेल्या रात्री गावभर हिमयुगाची दवंडी पिटणार हे उघड आहे. तोतया तापमापकाला उणे १२७ म्हणायला लावले की ही चूक एका क्षणात उजेडात येते. त्याचप्रमाणे त्याला बरोबर चार म्हणायला लावले की, प्रोग्रामरने आजवर न विचारलेला एक प्रश्न पुढे येतो: चारच्या खाली म्हणजे चार धरून की सोडून?

घड्याळाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. एका रात्री एकच निरोप, हा नियम पाळायचा तर रात्र कोठे संपते हे प्रोग्रामला कळले पाहिजे, आणि पुष्कळ यंत्रणा काळ मोजतात तो जागतिक प्रमाणवेळेने, जिची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता होते. किमान तापमानाची घटिका तर साधारणतः त्याच्याही नंतरची, सूर्योदयाच्या आगेमागे. तेव्हा पावणेपाचला एक निरोप गेला, साडेपाचला प्रोग्रामच्या हिशेबी तारीख पालटली, आणि थंडी तशीच असल्यामुळे दुसरा निरोप गेला, असे घडते. आणि नाशिकच्या कचेरीत दुपारी बारा वाजता केलेल्या शंभर परीक्षांतही हा दोष सापडत नाही, कारण त्या वेळी दोन्ही घड्याळांची तारीख एकच असते. घड्याळ बाहेरून हवाली करण्याची तजवीज असेल तर मात्र परीक्षकाने ते पाच वाजून एकोणतीस मिनिटांवर लावावे, एकदा विचारावे, मग एकतीसवर लावावे आणि पुन्हा विचारावे. काम झाले.

येथवर आलो म्हणजे एक नवी, घरगुती स्वरूपाची कटकट सुरू होते. प्रत्येक परीक्षेच्या आरंभी तोतया तापमापक घडवा, घड्याळ लावा, निरोप्याची वही कोरी करा, आणि अखेरीस सारे आवरून ठेवा. परीक्षा पन्नास झाल्या की हीच मांडामांड पन्नास वेळा. या मांडामांडीला, म्हणजे परीक्षा सुरू होण्यापूर्वी जगाची जी ठराविक अवस्था तयार असावी लागते तिला, फिक्स्चर म्हणतात. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी एसयुनिट ही परीक्षा-चौकट रचली, तिच्यात हा शब्द ठळकपणे येतो. पुढे १९९७ साली झुरिकहून अटलांटाला एका परिषदेस जाताना विमानप्रवासात बेक आणि एरिक गामा यांनी तीच कल्पना जावात उतरवली आणि जेयुनिट जन्मास आले. त्यात परीक्षेपूर्वी चालणारे सेटअप आणि परीक्षेनंतर चालणारे टीअरडाउन अशी जोडी असे. ही सोय मोठी खरी. पण वर्गातील सर्व परीक्षांना एकच सेटअप, त्यामुळे ज्या परीक्षेला घड्याळाशी कर्तव्य नाही तिच्यासाठीही घड्याळ लावले जाई, आणि वाचणाऱ्याला कोणती परीक्षा कशावर विसंबून आहे हे समजण्यास वर जाऊन सारा सेटअप धुंडाळावा लागे. म्हणजे जे गुपचूप संधान आपण प्रोग्राममधून हद्दपार केले, तेच परीक्षेत मागच्या दाराने परत आले.

पायथन भाषेतील पायटेस्ट या चौकटीने हा पेच ज्या रीतीने सोडवला ती मला या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. होल्गर क्रेकेल यांनी आरंभलेल्या या चौकटीत फिक्स्चरची आजची पद्धत २०१२ साली आली. तिच्यात परीक्षेने आपल्या कंसात हव्या त्या वस्तूंची नुसती नावे लिहायची. 'तापमापक' असे लिहिले की पायटेस्ट त्या नावाचे फिक्स्चर शोधते, ते चालवून वस्तू तयार करते आणि परीक्षेच्या हवाली करते. त्या फिक्स्चरच्या कंसात आणखी एखादे नाव असेल तर ते आधी. जो नियम प्रोग्रामला लावला, तोच परीक्षेलाही लागू झाला, आणि परीक्षेच्या पहिल्याच ओळीत तिचे सर्व अवलंबन उघड लिहिलेले दिसू लागले. आवराआवरही तिथेच असते: फिक्स्चरच्या मध्यभागी यील्ड हा शब्द येतो, त्याच्या आधीचे सर्व मांडण्यासाठी आणि नंतरचे सर्व उचलण्यासाठी, परीक्षा नापास झाली तरी उचलण्याचे काम चुकत नाही. शिवाय एकाच फिक्स्चरला आकड्यांची माळ देता येते. ४.१, ४.०, ३.९, ८५ आणि उणे १२७ असे पाच आकडे दिले की एक परीक्षा पाच वेळा, पाच वेगवेगळ्या रात्रींत, आपोआप चालते. पायथनमध्ये नावे देवनागरीतही ठेवता येतात, तेव्हा 'तापमापक' हे नाव मी केवळ समजुतीसाठी योजलेले नाही. भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच राहतात.

आता आयुर्मर्यादेचा प्रश्न. एखादे फिक्स्चर मांडायला क्षणार्ध लागतो, एखाद्याला, समजा डेटाबेस उभा करायचा असेल तर, पंधरा सेकंद. दर परीक्षेला नवे करायचे, की एकदा करून सर्वांनी वापरायचे? पायटेस्ट हा निर्णय लिहिणाऱ्यावर सोपवते: न सांगितल्यास दर परीक्षेस नवे, सांगितल्यास वर्गापुरते, फाइलपुरते किंवा संपूर्ण सत्रापुरते एकच. वेळ वाचवण्याच्या मोहाने लोक सत्रापुरते एकच करतात, आणि मग सुरू होतात ते विलक्षण दोष की ज्यांत परीक्षा एकटी चालवली तर पास होते व इतरांबरोबर चालवली तर नापास. कुंदेवाडीच्या केंद्रात वाणांच्या चाचण्या घेणाऱ्याला हे नवल वाटणार नाही. निफाडहून निघालेले त्र्यंबक, तपोवन, गोदावरी किंवा नेत्रावती हे गव्हाचे वाण ज्या चाचण्यांतून जातात, त्यांत प्रत्येक नवा वाण एका परिचित वाणाच्या शेजारी, अनेक वाफ्यांत, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या क्रमाने पेरायचा असतो. कारण एका वाफ्यात गेल्या हंगामी हरभरा होता व त्याने मुळांवाटे नत्र मागे ठेवले, तर तेथील गव्हाचे दाणे टपोरे येतील आणि श्रेय नाहक वाणाला जाईल. सर्वांनी वापरलेल्या फिक्स्चरमध्ये मागच्या परीक्षेने असेच काहीतरी ठेवलेले असते: निरोप्याच्या वहीत एक जुना निरोप, डेटाबेसात एक विसरलेली ओळ. शेतात पेरणीचा क्रम विस्कटण्याची जी युक्ती आहे ती इथेही कामी येते. परीक्षांचा क्रम दर वेळी मुद्दाम बदलला की हे लपलेले नत्र फार दिवस लपून राहत नाही. माझ्यापुरता नियम असा की, जी वस्तू परीक्षेत बदलू शकते ती दर परीक्षेस नवी घ्यावी, आणि जी केवळ वाचली जाते तीच सामाईक ठेवावी. डेटाबेस एकदाच उभा करावा, पण दर परीक्षेचे व्यवहार अखेरीस रद्द करावेत.

सामाईक फिक्स्चरे ज्या कॉन्फटेस्ट नावाच्या फाइलीत ठेवतात तिचेही एक व्यसन लागते. आरंभी तीनचार नावे असतात, वर्षभराने साठ होतात, आणि मग कोणते कोण वापरतो हे कोणालाच सांगता येत नाही म्हणून काढून टाकण्याचे धैर्यही कोणी करत नाही. त्यावर फार लिहीत नाही; ज्याने सरकारी अभिलेखागार पाहिले आहे त्याला कल्पना येईल.

या साऱ्या व्यवस्थेत एक उणीव मात्र अशी आहे की जी कितीही नेटकी रचना केली तरी जात नाही, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण संगणकाच्या नव्हे तर द्राक्षाच्याच इतिहासात आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी शेतमाल-निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने २००६ साली ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. तिच्यात नोंदलेल्या प्रत्येक बागेला क्रमांक, त्या क्रमांकाला प्रयोगशाळेचा उर्वरित-अंश दाखला, आणि दाखल्याशिवाय माल पुढे सरकायचा नाही असा बंदोबस्त. व्यवस्था उत्तम होती. तरीही २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, ते क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. बागाईतदार ज्याला सीसीसी म्हणतो आणि वेलीची शाकीय वाढ आवरण्यासाठी वापरतो तेच हे द्रव्य. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे तपासायच्या द्रव्यांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. यादीतील प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण झालेला माल यादीबाहेरच्या प्रश्नावर अनुत्तीर्ण झाला.

तोतया तापमापकाचे नेमके असेच आहे. त्याला उणे १२७ म्हणायला कोण लावतो? ज्याला त्या आकड्याची आधीच माहिती आहे तो. ज्याला नाही, त्याचा तोतयाही तितकाच अनभिज्ञ राहतो, आणि पन्नासच्या पन्नास परीक्षा पास होऊनही खरे यंत्र पहिल्याच रात्री दगा देते. तोतया हा आपण जगाविषयी जे गृहीत धरले त्याचाच पुतळा. तो आपल्या समजुतीची आणि प्रोग्रामची तुलना करून देतो, समजुतीची आणि जगाची नाही. तोतयांचा अतिरेक करणाऱ्या प्रोग्रामरांवर जी टीका होते तिच्यातला ग्राह्यांश एवढाच आहे, आणि तो थोडका नाही.

उपाय आहेत, पण ते कष्टाचे आहेत. पहिला असा की, तापमापक या नावाखाली जे काही येईल त्याने कसे वागले पाहिजे याच्या परीक्षा स्वतंत्र लिहाव्यात आणि त्या तोतयावर आणि खऱ्या यंत्रावर, दोहोंवर चालवाव्यात. तोतयावर दर वेळी, यंत्रावर रात्रीतून एकदा. इथे फिक्स्चरची लवचीकता कामी येते, कारण परीक्षा तीच राहते, 'तापमापक' या नावामागे कोण उभा करायचा एवढेच बदलते. दुसरा असा की, पौष-माघातील खऱ्या रात्रींच्या नोंदी, त्यांतल्या खंडांसह, उड्यांसह आणि यंत्र मुके झालेल्या तासांसह, जशाच्या तशा जपून ठेवाव्यात व पुढे वर्षभर त्याच फिक्स्चर म्हणून वापराव्यात. माणसाच्या कल्पनेला जे सुचत नाही ते एका वादळी रात्रीत यंत्राने करून दाखवलेले असते.

खऱ्या यंत्राच्या परीक्षेसाठी थंडीची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. बर्फाचा चुरा आणि त्यात भिजण्यापुरते स्वच्छ पाणी थर्मासमध्ये भरून, ढवळून, संवेदक त्यात बुडवला की मिश्रणाचे तापमान शून्य अंश असते, आणि डीएस१८बी२० चा निर्माता उणे १० ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाची कमीअधिक चूक कबूल करतो. तेव्हा उत्तर उणे अर्धा ते अधिक अर्धा यांच्या दरम्यान आले तर यंत्र शब्दाला जागले. याचाच दुसरा अर्थ असा की, प्रोग्रामने जेव्हा चार अंश म्हटले तेव्हा बागेत साडेतीन असू शकतील किंवा साडेचार. म्हणून निरोप चारला धाडायचा की साडेचारला, हा आकडा प्रोग्राममध्ये कोरून न ठेवता तोही बाहेरून हवाली करावा, आणि तो ठरवताना ज्याला तासाभराची झोप आणि हंगामाचे घड यांत निवड करायची आहे त्या बागाईतदाराला विचारावे.